उभे अरण्य आणि ताब्याचा पुरावा

काजू आणि अननस ही दोन फळे आम्हां गोमंतकीयांच्या इतक्या परिचयाची झाली आहेत की ती परदेशची, हे मुद्दाम सांगावे लागते. पोर्तुगीजांनी ती ब्राझीलमधून आणली हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्यांची नावेही तिकडचीच, ब्राझीलच्या किनाऱ्यावर नांदणाऱ्या तुपी लोकांच्या भाषेतली, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. शब्द आमच्या घरांत राहिले. ते ज्यांच्या तोंडचे होते त्या लोकांचे आणि त्यांच्या अरण्याचे पुढे काय झाले, याची विचारपूस मात्र आमच्याकडे फारशी झालेली नाही. ती करण्यास आम्हांस एक विशेष कारणही आहे. पेद्रो आल्व्हारिश काब्राल याचा तेरा जहाजांचा काफिला इ. स. १५०० मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला तो कालिकतच्या वाटेवर असताना. आणि पुढे सव्वातीनशे वर्षे ज्या लिस्बनच्या राजमुद्रेने गोव्याच्या जमिनीचे कागद निघाले, त्याच मुद्रेने ब्राझीलचेही निघाले.

आमच्या बाजूचा कागद वाचकांस ठाऊक आहे. १५२६ साली आफोंसो मेशिया याने तयार केलेल्या फोरालात गांवकरीच्या चालीरीती लेखी नोंदल्या गेल्या. त्या कागदाने सर्व काही वाचले असे नाही. १५६७ मध्ये साष्टीतील देवालये पाडली गेली, देव अंत्रुजात न्यावे लागले आणि देवालयांच्या जमिनींचे उत्पन्न परधर्मीयांच्या संस्थांकडे गेले, हा इतिहास या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. तरीही गांवकरी ही संस्था मोडकीतोडकी का होईना, टिकली. आता एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. त्या फोरालात गांवकारांच्या हक्काचे मूळ सांगताना, त्यांच्या पूर्वजांनी ओसाड जागा लागवडीस आणून गावे वसविली, असेच सांगितले आहे. खाजण बांधले, बांध घातला, भात पिकविले, म्हणून जमीन त्यांची. राज्यकर्त्यास हा पुरावा समजत होता, कारण तो डोळ्यांना दिसत होता.

ब्राझीलमधील अरण्यवासी जनांची गोष्ट निराळी होती. तेही शेती करीत, आमच्याकडील कुमेरीसारखी. अरण्याचा लहानसा तुकडा तोडून जाळावा, दोन-तीन वर्षे त्यात मॅन्डिओका म्हणजे साबुदाण्याच्या जातीचा कंद लावावा, आणि मग ती जागा पुन्हा झाडांच्या स्वाधीन करून पुढे सरकावे. दहा-वीस वर्षांनी तेथे येणाऱ्या परक्यास रान दिसे. शिकारीची वाट, मासेमारीचे वळण, पितरांची दफनभूमी, फळझाडांचे राखलेले जथे, यांपैकी त्याला काहीच ओळखू येत नसे. आणि जे ओळखू येत नाही ते बेवारस मानण्याची राज्यकर्त्यांची सवय जुनीच आहे.

असे असूनही १ एप्रिल १६८० रोजी पोर्तुगालच्या राजाने एक आल्वारा, म्हणजे फर्मान काढले, आणि त्यात अन्य कोणास जमिनी दिल्या तरी इंडियन लोकांचा त्यांच्या भूमीवरील हक्क अबाधित समजावा, कारण तेच तिचे आद्य व स्वाभाविक स्वामी होत, अशा आशयाची तरतूद केली. १७५५ मध्ये पोंबालच्या कारकिर्दीत तिचा पुनरुच्चार झाला. कागद उत्तम होता, पण तो अमलात कोणी आणला नाही. उलट १३ मे १८०८ रोजी, नेपोलियनच्या भीतीने ब्राझीलला पळून आलेल्या त्याच राजघराण्याच्या प्रतिनिधीने मिनास जेराइस प्रांतातील बोतोकुदो जनांविरुद्ध चढाईचे युद्ध पुकारले. या बोतोकुदोंच्या वंशजांस आज क्रेनाक म्हणतात. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ब्राझील स्वतंत्र झाल्यावर १८ सप्टेंबर १८५० रोजी तेथे जमिनीचा सुप्रसिद्ध कायदा झाला. पडीक सरकारी जमीन यापुढे खरेदीवाचून मिळणार नाही, असे त्याने ठरविले. मात्र ज्यांचा आधीपासून ताबा होता त्यांना तो कायम करून घेण्याची सवलत ठेवली. ताबा शाबीत कसा करावयाचा? जमीन लागवडीखाली आणलेली असली पाहिजे आणि धारकाचे वास्तव्य तेथे असले पाहिजे. वरवर पाहता यात गैर काही दिसत नाही. आमच्या व्यवसायात रोज असेच पुरावे पाहिले जातात. पण हा नियम निबिड अरण्याच्या प्रदेशात नेला म्हणजे त्याचा अर्थ विलक्षण होतो. ज्याने झाड पाडले त्याचा ताबा सिद्ध. ज्याने पिढ्यान् पिढ्या झाड राखले त्याचा काहीच नाही. कुऱ्हाड हे तेथे दस्तऐवज लिहिण्याचे साधन झाले. आमच्याकडे देवराईत कोणी फांदी तोडत नाही, म्हणून ती जागा बेवारस आहे असे म्हणण्याचे धाडस गावात कोणी करणार नाही. तोडलेली नाही हीच तेथे देवाच्या मालकीची खूण असते. ब्राझीलच्या कायद्यास ही खूण वाचता आली नाही.

१८९१ च्या राज्यघटनेने पडीक जमिनी त्या त्या घटक राज्यांकडे सोपविल्या आणि राज्यांनी त्या विकण्याचा सपाटा लावला. याविरुद्ध एका कायदेपंडिताने आवाज उठविला, त्याचे नाव झुआंव मेंदिश झुनिओर. १९०२ च्या व्याख्यानांत आणि १९१२ साली छापलेल्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की, मूळ रहिवाशाचा भूमीवरील हक्क हा जन्मसिद्ध असून कोणत्याही सनदेच्या वा कायम करून घेण्याच्या विधीच्या आधीचा आहे. तो मिळविलेला हक्क नसल्यामुळे त्याच्या मिळकतीचा पुरावा मागणेच अप्रस्तुत होय. आधार म्हणून त्याने काढला तो १६८० चा आल्वारा. सव्वादोनशे वर्षे धूळ खात पडलेला कागद असा कामी आला.

दुसऱ्या प्रकारचे कागदही निर्माण होत होतेच. बनावट खरेदीखत तयार करून ते रातकिड्यांसह पेटीत कोंडावे; काही दिवसांनी कागद पिवळा पडून कुरतडला जातो व जुनापुराणा दिसू लागतो. पोर्तुगीज भाषेत रातकिड्यास ग्रीलु म्हणतात, त्यावरून जमीन लाटण्याच्या या धंद्यास ग्रिलाजें हे नाव पडले. आता किडे लागत नाहीत, धंद्याचा क्रम मात्र तोच आहे. कोरड्या ऋतूत मोल्यवान वृक्ष आधी काढून न्यावयाचे, उरलेले आडवे करावयाचे, वाळल्यावर पेटवून द्यावयाचे, राखेत गवताचे बी फेकून गुरे सोडावयाची, आणि मग या गुरांच्या साक्षीने ताबा सांगून सरकारदरबारी जमीन नावावर करून मागावयाची. ॲमेझॉनच्या तोडलेल्या जमिनीचा सर्वांत मोठा भाग कुरणांखाली गेला, त्याचे कारण केवळ मांसाच्या बाजारात शोधून भागत नाही. गाय तेथे दुधासाठी वा मांसासाठी जितकी ठेवतात, तितकीच ताब्याची निशाणी म्हणूनही ठेवतात.

विसाव्या शतकाचा पहिला भाग आम्ही थोडक्यात सांगतो. १९१० मध्ये रोंदोन या सेनाधिकाऱ्याच्या पुढाकाराने इंडियन संरक्षण खाते निघाले; रोंदोन स्वतः उदार मनाचा होता. १९३४ च्या घटनेत अरण्यवासीयांच्या ताब्यातील जमिनींस प्रथमच घटनात्मक संरक्षण मिळाले. पण १९१६ च्या दिवाणी संहितेने त्यांस अंशतः अक्षम ठरवून सरकारच्या पालकत्वाखाली ठेवले होते, आणि पालकच पाल्याची मिळकत खाऊ लागला. १९६७ मध्ये झादेर फिगेरेदो या सरकारी वकिलाने केलेल्या चौकशीत खून, गुलामगिरी व जमिनींचा अपहार यांचे सुमारे सात हजार पानांचे दप्तर जमले. ते खाते बरखास्त होऊन त्याच्या जागी फुनाय ही संस्था आली. आगीत जळाले असे समजले गेलेले ते दप्तर २०१३ मध्ये रिओ येथील एका संग्रहालयात सापडले.

१९७० पासून लष्करी राजवटीने ॲमेझॉनमधून महामार्ग काढण्यास आरंभ केला. भूमिहीनांस निर्मनुष्य भूमी द्यावयाची, ही त्यामागील घोषणा. ती भूमी निर्मनुष्य नव्हती याचा एक दाखला सविस्तर देणे आम्हांस आवश्यक वाटते.

कुइआबा ते सांतारेंग हा मार्ग पेशोतु द आझेवेदु नदीच्या खोऱ्यातून जावयाचा होता, आणि तेथे पानारा नावाचे जन राहत होते. बाहेरच्यांशी त्यांचा संबंध नव्हता. ते राक्षसी उंचीचे आहेत अशा वदंता तेवढ्या पसरल्या होत्या. मार्ग येण्यापूर्वी त्यांच्याशी मैत्री जोडावी म्हणून व्हिलास-बोआस बंधू पाठविले गेले. हे बंधू म्हणजे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या शिंगू राखीव प्रदेशाचे शिल्पकार, सज्जन माणसे. १९७३ च्या आरंभी भेट झाली. मागोमाग रस्ता आला आणि रस्त्याबरोबर पडसे, गोवर व फुप्फुसाचे विकार आले. ज्यांच्या रक्तास या रोगांची ओळख नव्हती ते भराभर मेले. मृतांस पुरावयास माणसे उरली नाहीत. दोन वर्षांत बहुसंख्य पानारा नष्ट झाले. १९७५ च्या जानेवारीत उरलेल्या ७९ जणांस विमानात घालून शिंगू प्रदेशात, पूर्वीच्या शत्रूंच्या शेजारी नेऊन ठेवण्यात आले. त्यांच्या खोऱ्यात सोने शोधणारे शिरले, गुरांचे मळे पडले, नगरे वसली.

शिंगूत पानारा वीस वर्षे पाहुण्यासारखे राहिले, एका जागेहून दुसऱ्या जागी हलत. १९९१ मध्ये त्यांच्यातील काही जण जुनी भूमी पाहावयास गेले. नदी गढूळ होऊन उपसली गेली होती, गावांच्या जागा ओळखू येत नव्हत्या. पण इरिरी नदीच्या उगमाकडील अरण्य अद्याप उभे होते. त्यांनी तेवढा भाग मागितला, तेथे नासेपोतिची हे गाव वसविले, आणि सुमारे पाच लाख हेक्टर, म्हणजे आमच्या गोव्याहून मोठे क्षेत्र, २००१ पर्यंत त्यांच्या नावे कायम झाले. १९७३ ते ७५ मधील मृत्यूंची भरपाई मागणारा दावाही त्यांनी लावला, आणि २००० साली ब्रासीलिआच्या प्रादेशिक संघीय न्यायालयाने शासनास जबाबदार धरले. आता ते शेकड्यांनी आहेत. एक तारीख मात्र या संदर्भात विसरता येत नाही: ५ ऑक्टोबर १९८८ या दिवशी पानारांपैकी एकही माणूस आपल्या भूमीवर राहत नव्हता.

त्या दिवशी ब्राझीलची सध्याची राज्यघटना जाहीर झाली. तिच्या घडणीत एक प्रसंग घडला तो सांगितला पाहिजे. ४ सप्टेंबर १९८७ रोजी घटनासमितीपुढे आयलतोन क्रेनाक हा तरुण बोलावयास उभा राहिला. १८०८ मध्ये ज्यांच्यावर युद्ध पुकारले गेले त्यांच्या कुळातला. पांढरा कोट घातलेल्या त्याने शांतपणे बोलत बोलत जेनिपापो फळाचा काळा रंग आपल्या चेहऱ्यास फासावयास सुरुवात केली. त्यांच्या समाजात ती दुखवट्याची खूण. भाषण संपले तेव्हा सारा चेहरा काळा झाला होता. पुढल्या वर्षी जे २३१ वे कलम आले त्याने मेंदिश झुनिओरचा सिद्धान्त घटनेत उतरविला: या जनांचे त्यांनी परंपरेने व्यापलेल्या भूमीवरील हक्क मूळचेच आहेत, शासनाने ते द्यावयाचे नसून हद्द आखून मान्य करावयाचे आहेत. जमिनीची मालकी संघराज्याची, कायमचा ताबा आणि उपभोग त्या जनांचा. ती विकता येत नाही, आणि कितीही वर्षे लोटली तरी हक्क बुडत नाही. देवस्थानाच्या जमिनीचा ज्यांस अनुभव आहे, जेथे मिळकत देवाची व महाजनांना ती विकण्याची मुभा नाही, त्यांस ही रचना समजावयास अडचण पडू नये.

सर्व हद्दी पाच वर्षांत आखाव्या, असे त्याच घटनेने फर्माविले. १९७३ च्या कायद्यानेही पाच वर्षांचीच मुदत घातली होती. १९७८ ही गेले आणि १९९३ ही गेले. काम पुरे झाले नाही.

आखणी रेंगाळली आणि मग तारखेचा प्रश्न निघाला. रोराइमा प्रांतातील रापोझा सेर्रा दु सोल या प्रदेशाच्या खटल्यात २००८ मध्ये झोएनिया वापिशाना या विदुषीने सर्वोच्च संघीय न्यायालयापुढे युक्तिवाद केला. मूळ जनांपैकी कोणी वकील त्या न्यायासनापुढे उभा राहण्याचा तो पहिला प्रसंग. मार्च २००९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण निकालपत्रात एक निकष शिरला: ५ ऑक्टोबर १९८८ रोजी जे जन भूमीवर प्रत्यक्ष होते त्यांचाच हक्क. अपवाद एवढाच की, बळजबरीने काढलेल्यांनी त्या दिवशी विरोध चालू ठेवलेला असावा. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका पीठाने या विरोधाची व्याख्या केली: त्या दिवशी प्रत्यक्ष झगडा चालू असला पाहिजे, नाहीतर ताब्याचा दावा न्यायालयात दाखल असला पाहिजे.

वकील या नात्याने आम्हांस येथे थांबणे भाग आहे. ज्यांना त्या दिवसापर्यंत कायदा पालकत्वाखालील मानीत होता, ज्यांना स्वतःच्या नावे दावा लावण्याचा अधिकार त्याच घटनेच्या २३२ व्या कलमाने निःसंदिग्धपणे मिळाला, त्यांनी त्याआधीच दावा लावलेला असावा, ही अपेक्षा कायद्याच्या कोणत्या शाखेत बसते? पानारांना सरकारी विमानाने हलविले. त्यांनी कोणाविरुद्ध, कोणत्या भाषेत आणि कोणत्या न्यायालयात फिर्याद लावावयाची होती? आम्ही इतर देशांच्या न्यायाधीशांविषयी सहसा कठोर लिहीत नाही. पण हा निकष कायद्याच्या भाषेत लिहिलेला अन्याय होता, असेच आमचे मत आहे.

सांता कातारिना प्रांतातील शोक्लेंग जनांच्या खटल्यात तो कसास लागला. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जर्मन व इटालियन वसाहतवाले आले, आणि रान मोकळे करण्यासाठी पैसे घेऊन शोक्लेंगांची शिकार करणाऱ्या टोळ्या निघाल्या. त्यांस बुग्रेइरो म्हणत. १९१४ मध्ये समेट झाला, पुढे आखून दिलेली भूमी कमी होत गेली, आणि १९७० च्या दशकात धरणाने तिचा सुपीक भाग बुडविला. २१ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च संघीय न्यायालयाने नऊ विरुद्ध दोन मतांनी तारखेचा निकष घटनाविरोधी ठरविला.

दुसरी बाजूही आहे, आणि ती लबाडांचीच नाही. दक्षिणेतील कित्येक लहान शेतकऱ्यांच्या आजोबांनी सरकारकडून रीतसर खरेदीखताने जमीन घेतली होती. सरकारने जे आपले नव्हते ते विकले, याचा दोष त्यांच्या नातवांवर टाकणे बरोबर होणार नाही. न्यायालयानेही सद्भावनेने धारण करणाऱ्यांस शासनाने भरपाई द्यावी, असे ठरविले. आम्हांस हा मार्ग योग्य वाटतो. संसदेला तो मानवला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात तिने राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार बाजूस सारून तारखेचा निकष कायद्याने पुन्हा आणला, आणि वाद न्यायालयात परतला.

या तारखेवर अरण्याचे भवितव्य कसे अवलंबून आहे, ते आकड्यांवरून दिसते. ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये २००४ या एका वर्षात सुमारे २७,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या सातपटीहून अधिक, अरण्य तोडले गेले. शासनाने उपग्रहांची नजर व दंडाची जरब बसविली तेव्हा २०१२ पर्यंत हा आकडा ४,६०० च्या आसपास उतरला. ढिलाई होताच २०२१ मध्ये तो १३,००० वर गेला. २०२४ मध्ये पुन्हा ६,३०० च्या घरात आला. उपग्रहांच्या चित्रांवरून असेही दिसून आले की, १९९० ते २०२० या तीस वर्षांत ब्राझीलमधील मूळ जनांच्या भूमींनी आपले नैसर्गिक आच्छादन सुमारे १ टक्का गमावले. खासगी मालकीच्या जमिनींनी सुमारे २० टक्के. कुंपण नाही, पहारेकरी थोडे, आणि तरीही हा फरक.

केवळ आखणीने सर्व काही होते असेही नाही. १९९२ मध्ये यानोमामी जनांची ९६,००० चौरस किलोमीटरांहून मोठी भूमी कायम झाली. दुसऱ्याच वर्षी हाशिमू येथे सोने शोधणाऱ्यांनी सोळा यानोमामींना ठार मारले, आणि २०२३ च्या जानेवारीत उपासमार, हिवताप व पाऱ्याने विषारलेल्या नद्या यांमुळे तेथे आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. कागदामागे हात नसला तर १६८० ची पुनरावृत्ती होते.

पुराव्याची एक नवी गोष्ट सांगावयाची राहिली. ॲमेझॉनच्या मूळच्या निकस मातीत जागोजाग काळ्या, सकस मातीचे पट्टे आढळतात. कोळसा, खापरे, हाडे व केरकचरा मिसळून माणसांनी ती घडविली. त्यांतील काही थर दोन हजार वर्षांचे आहेत. वरच्या शिंगू खोऱ्यात, आजच्या कुइकुरो जनांच्या भूमीत, खंदकांनी वेढलेल्या आणि सरळ रस्त्यांनी जोडलेल्या मोठ्या वस्त्यांचे अवशेष संशोधकांस मिळाले आहेत. ब्राझील-बदामाच्या दाट राया जुन्या वस्त्यांच्या आसपास पुष्कळदा सापडतात. ज्यास १८५० चा कायदा लागवडीविना पडलेले रान म्हणत होता, त्याचा बराचसा भाग कोणीतरी लावलेला आणि राखलेला होता, असे आता माती सांगते. आणि फुनायच्या प्रत्येक आखणीत मानववंशशास्त्रज्ञ नेमलेले असतात. २०२३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षपदी झोएनिया वापिशाना यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या मेजावर आखणीवाचून पडून राहिलेल्या मागण्यांचे शेकडो कागद वाट पाहत होते.